कंट्रोलचा गहू

डिसेंबर २०२४ संपत आला होता. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं. मग केस नुसत्या हाताने निघून यायचे, ओढायचीही गरज पडायची नाही. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, डोक्यावर मोकळे चट्टे दिसू लागायचे आणि पुष्कळांना पुरतं टक्कल पडायचं. यात म्हातारे होते, तरुण होते, शाळेत जाणारी पोरं होती, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. जानेवारी २०२५ मध्ये आकडा १८ गावं आणि २७९ माणसं इथवर पोचला.

केस गळणं यात नवल नाही. टायफॉइड झाला, बाळंतपण झालं, मोठा मानसिक धक्का बसला की केस गळतात. पण ते दोन-तीन महिन्यांनी, कारण त्यात केसाचं मूळ आधी विश्रांतीच्या अवस्थेत जातं आणि मग केस सोडतं. काही दिवसांत डोकं मोकळं होत असेल, तर वाढत्या केसावरच घाव पडलेला असतो. कर्करोगाची औषधं असं करतात, थॅलियम आणि आर्सेनिक यांसारखी विषंही करतात. म्हणजे घटनेच्या वेगातच एक खूण दडलेली होती: बाहेरून काहीतरी शरीरात गेलं आहे आणि ते एकाच सुमारास अनेक घरांत गेलं आहे. ते काय, हे शोधायला पुढचे काही आठवडे गेले. ते कसे गेले, कुणी कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज एकमेकांना कसे घडवतात, याचा अभ्यास करणारी एक विद्याशाखा गेल्या साठेक वर्षांत जगभर उभी राहिली. तिच्या पुस्तकांत अणुभट्ट्या येतात, संगणक येतात, लशी येतात. शेगावचा गहू त्या यादीत घालावा इतक्या मोलाचा आहे, असं मला वाटतं.

पहिला संशय पाण्यावर गेला. यात अडाणीपणा काही नव्हता. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून खारपाणपट्टा पसरलेला आहे. इथल्या विहिरींना आणि बोअरला खारं पाणी लागतं. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ नीट शिजत नाही, आणि ते पाणी पिकाला दिलं तर काळी जमीन चिवट होऊन बसते. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार वर्षानुवर्षं आहे. ज्या माणसांनी आयुष्यभर पाण्याचा जाच सोसला, ती अंगावर नवं काही आलं की आधी पाण्याकडेच बोट दाखवणार. त्यांचा अंदाज अनुभवातून आलेला होता.

सरकारी यंत्रणाही पाण्याकडेच वळली, आणि त्यामागे दुसरं कारण होतं. गावात साथ आली की पाण्याचा नमुना घ्यायचा, ही आरोग्य खात्याची जुनी शिस्त आहे. कॉलरा आणि काविळीने ती शिकवली. पाणी तपासायला प्रयोगशाळा आहेत, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, ग्रामपंचायतीच्या पातळीवर तपासणीचे संच आहेत. धान्याचं तसं नाही. रेशनचं धान्य पुरवठा विभागाकडे, खाद्यपदार्थांची भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, गावातला आजार जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. केस गळाल्यावर गहू तपासायला पाठवावा, असं कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिलेलं नसतं. खात्यांच्या या वाटण्या आजाराकडे बघून झालेल्या नाहीत, कारभाराच्या सोयीने झाल्या आहेत. पण आजाराचं कारण शोधताना नजर त्यांनी आखलेल्या वाटांवरूनच जाते.

पाण्याच्या तपासणीत नायट्रेट आणि विरघळलेले क्षार जास्त आढळले. जड धातूंचा मागमूस लागला नाही. हा निष्कर्ष खरा होता, मात्र विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं. मोठ्या माणसाच्या डोक्यावरचे केस ते आठवड्यात उतरवत नाही. युरिया आणि शेणामुतातून भूजलात उतरणारं हे नायट्रेट त्या गावांतून केसांची बातमी ओसरल्यावरही वाहतं आहे. त्यासाठी कुणी दिल्लीहून येत नाही.

मग त्वचेच्या बुरशीचा संशय आला, त्वचेचे तुकडे तपासणीला गेले. शांपूची चर्चा झाली. तोवर बातम्यांतून ‘टक्कल व्हायरस’ हा शब्द घरोघरी पोचला होता. विषाणू कुणालाही सापडलेला नव्हता, पण या शब्दाबरोबर संसर्गाची भीती आली आणि ती पसरायला वेळ लागला नाही. कोविडला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती. लोकांच्या मनात दूर राहण्याची सवय अजून ताजी होती. तरुण मुलींचं कॉलेज सुटलं, ठरलेली लग्नं अडली. काही जणांनी उरलेले केसही काढून डोकं तुळतुळीत करून घेतलं. आपल्याकडे बाईच्या केस काढलेल्या डोक्याला किती दुःखाचा इतिहास आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजार शरीराला फारसा दुखवत नव्हता; माणसं चालत-फिरत होती, जेवत होती. त्याचा खरा घाव माणसांच्या येण्याजाण्यावर आणि लग्नाच्या बोलणीवर बसला.

इथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट नोंदवली पाहिजे. याच पट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी इतक्या वेगाने पथकं कधी आली नाहीत. केस दिसतात, त्यांचा फोटो निघतो. मूत्रपिंड दिसत नाही. ते वर्षानुवर्षं झिजतं आणि माणूस एकेकटा डायलिसिसच्या खाटेवर जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिचे तज्ज्ञ जानेवारीत गावात येऊन रक्त, लघवी, केस, पाणी, माती यांचे नमुने घेऊन गेले. ते आले हे चांगलंच झालं. पण कुठल्या दुखण्याचा अभ्यास आधी होतो, हे ठरवण्यात दुखण्याच्या गांभीर्याइतकाच त्याच्या दिसण्याचा वाटा असतो.

दरम्यान एक खासगी डॉक्टर स्वतःच्या पुढाकाराने या गावांकडे वळले. हिम्मतराव बावस्कर हे नाव महाराष्ट्राला विंचवासाठी ठाऊक आहे. कोकणात महाडला त्यांनी लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसं पाहिली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यावर वापरून दाखवलं. त्यांचं पहिलं टिपण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्याआधी अशा गंभीर दंशात शंभरातले चाळीसेक रोगी दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या संस्थेबाहेर, रोग्याच्या उशाशी बसून संशोधन करण्याची त्यांची रीत शेगावला कामी आली. इतक्या घरांत समान काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. पाण्याचे स्रोत वेगवेगळे होते. समान होतं ते रेशनच्या दुकानातलं धान्य. वऱ्हाडात आजही पुष्कळ घरांत त्याला ‘कंट्रोल’ म्हणतात, युद्धकाळातल्या नियंत्रणाची ती आठवण.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट होतं. जस्त मात्र बरंच कमी होतं. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळलं. हे स्थानिक गव्हाच्या ६०० पट आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि हा गहू पंजाबकडून आलेला असल्याचंही. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम वाढल्याचं आयसीएमआरच्या तपासण्यांतूनही पुढे आलं.

यातला ६०० हा आकडा सगळ्या मथळ्यांत गेला. त्याच्याशी जरा थांबावं. त्याच बातम्यांमध्ये गव्हात १.९ मिलिग्रॅमपर्यंतचं सेलेनियम सामान्य धरतात, असाही उल्लेख होता. त्या मापाने बघितलं तर शेगावचा गहू साडेसात पट भरतो. दोन्ही गुणोत्तरं एकाच मोजणीतून निघतात. फरक आहे तो कशाशी तुलना केली याचा. विदर्भाच्या जमिनीतला गहू सेलेनियमने मुळातच गरीब, म्हणून त्याच्यापुढे आकडा आभाळाला भिडतो. यंत्राने दिलेला आकडा एकच असतो. तो लोकांपर्यंत जाताना कुणीतरी त्याला छेद निवडून देतं, आणि घबराट किंवा दिलासा त्या निवडीतून येतो. वर्तमानपत्रात ‘इतके पट’ वाचलं की ‘कशाच्या?’ हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

पट बाजूला ठेवून ताटाचा हिशेब करू. माणसाला सेलेनियम लागतं, पण दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. शरीर त्यातून काही महत्त्वाची विकरं बनवतं, आणि थायरॉइडचं काम त्यांच्यावाचून अडतं. अमेरिकेतल्या वैद्यक संस्थेने २००० साली सुरक्षित सेवनाची वरची मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ठेवली. रेशनवर माणशी महिन्याला ३ किलो गहू मिळाला असं धरलं तर रोज १०० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन-चार पोळ्या. १४.५२ मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्यातून १,४५० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जातं, मर्यादेच्या साडेतीन पटींहून जास्त. कष्टाची कामं करणारा माणूस याच्या दुप्पट-तिप्पट पोळ्या खातो. गहू धुऊन, वाळवून, निवडून दळला तरी फरक पडत नाही, कारण हे सेलेनियम दाण्याच्या बाहेर चिकटलेलं नसतं. ते दाण्याच्या प्रथिनातच बसलेलं असतं.

ते तिथे बसतं कसं, हे रसायनशास्त्राचं सुंदर उदाहरण आहे. सेलेनियम हे आवर्तसारणीत गंधकाच्या बरोबर खाली येतं. दोघांचं वागणं इतकं सारखं, की गव्हाच्या मुळांना फरक कळत नाही. गंधक आत घेण्याच्या वाटेनेच सेलेनियम आत येतं आणि मेथिओनिन या अमिनो आम्लात गंधकाच्या जागी जाऊन बसतं. आपल्या शरीरातही तसंच. केस आणि नखं केराटिनची. केराटिनची मजबुती गंधकाच्या दोन अणूंमधल्या बंधांनी येते. तिथे सेलेनियम शिरलं की बंध कच्चे पडतात असं मानलं जातं. म्हणून हे विष आधी केसांवर आणि नखांवर दिसतं. एप्रिल २०२५ मध्ये या गावांतून नखं वाकडी होऊन गळत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ज्यांनी सेलेनियमबाधेबद्दल वाचलं होतं त्यांना त्यात अनपेक्षित काही वाटलं नाही.

कारण हे सगळं आधी एकदा घडून गेलं होतं. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. १९६१ ते १९६४ या वर्षांत तिथल्या काही गावांत माणसांचे केस आणि नखं गळाली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या पाच गावांत २४८ लोक राहत होते. त्यांपैकी जवळपास निम्मे आजारी पडले. कारण सापडलं ते दगडी कोळशात: त्यात सेलेनियम भरपूर होतं, कोळसा झिजून ते मातीत उतरलं होतं, आणि शेतात चुना घालण्याच्या पद्धतीमुळे पिकांना ते घेणं सोपं झालं होतं. पण कोळसा तर कोट्यवधी वर्षं तिथेच होता. मग तीच वर्षं का? यांग गुआंगकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली छापलेल्या अभ्यासात याचंही उत्तर दिलं आहे. दुष्काळात भात गेला. लोकांना सेलेनियमने भरलेला मका आणि भाजीपाला जास्त खावा लागला आणि प्रथिनं कमी मिळाली. त्यांच्या पोटात दिवसाला सरासरी ४.९९ मिलिग्रॅम सेलेनियम जात होतं. भूगर्भाने विष पुरवलं, ते ताटात किती यावं हे दुष्काळाने आणि गरिबीने ठरवलं.

आणि ती ४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा? तीही एन्शीतूनच आली. १९९२ साली यांग यांनी बऱ्या झालेल्या पाच रोग्यांना पुन्हा तपासलं. त्यांच्या सेवनाच्या हिशेबावरून दिवसाला ८०० मायक्रोग्रॅमपर्यंत लक्षणं दिसत नाहीत असं ठरलं. खबरदारी म्हणून त्याला दोनाने भागलं आणि ४०० आले. आज ज्या मर्यादेच्या आधाराने पूरक गोळ्यांच्या बाटल्यांवर इशारे छापले जातात, तिच्या पायाशी चीनच्या एका डोंगराळ भागातली पाच माणसं आहेत. यामुळे ती मर्यादा खोटी ठरत नाही. तेव्हा तेवढाच पुरावा उपलब्ध होता आणि शास्त्रज्ञांनी तो जबाबदारीने वापरला. पण मर्यादेचा आकडा निसर्गाने लिहून दिलेला नसतो. माणसं तो ठरवतात, हाताशी असलेल्या पुराव्यावर, आणि ‘दोनाने भागू’ हा निर्णय खबरदारीचा असतो, गणिताचा नसतो. शेगावच्या २७९ जणांच्या नोंदी नीट ठेवल्या, वर्षानुवर्षं त्यांना तपासत राहिलो, तर जगाचा हा पाच माणसांचा पाया रुंद होईल. विदर्भातल्या कुठल्या तरी वैद्यकीय महाविद्यालयाने हे काम अंगावर घ्यावं, असं मनापासून वाटतं.

आता पंजाबकडे. होशियारपूर आणि नवांशहर या शिवालिकच्या पायथ्याच्या जिल्ह्यांत सेलेनियमने भरलेल्या जमिनींचे तुकडे आहेत. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांनी सेलेनियमचा गाळ आणून टाकला. तिथल्या जनावरांची शिंगं आणि खूर गळतात, हे शेतकऱ्यांनी आधी पाहिलं, लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून अभ्यासलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातल्या गव्हात किलोमागे २९ ते १८५ मिलिग्रॅम सेलेनियम नोंदवलं गेलं. मात्र ही विषारी जमीन भरते साधारण हजार हेक्टर, आणि पंजाबात गहू असतो सुमारे ३५ लाख हेक्टरवर. त्यामुळे ‘पंजाबचा गहू विषारी’ असं म्हणणं अन्यायाचं आणि चुकीचं आहे. तिथला शेतकरी स्वतःही हाच गहू खात आला आहे, आणि त्याने पेरणी केली ती देशाने त्याला पेरायला सांगितलं म्हणून.

नॉर्मन बोरलॉग १९६३ मध्ये भारतात आले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं. बुटका गहू, रासायनिक खत, नलिकाकूप, हमीभाव आणि सरकारी खरेदी हे सगळं एकत्र बांधून पंजाबात उतरलं, आणि त्यातला कुठलाही एक धागा काढला तर बाकीचे टिकले नसते. यात तंत्रज्ञान कुठलं आणि राजकारण कुठलं हे वेगळं काढता येत नाही. उपाशी देशाला पोटभर धान्य मिळालं हे या व्यवस्थेचं थोर काम आहे, त्याबद्दल मनात कृतज्ञता हवी. पण तिने आणखी एक गोष्ट केली. तोवर गावची माती गावच्याच पोटात जायची. आता हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या मातीतली मूलद्रव्यं वऱ्हाडातल्या ताटात येऊ लागली.

इकडे काय बदललं हेही बघावं लागतं. बुलढाणा जिल्ह्यातला रोजचा घास ज्वारीच्या भाकरीचा होता. पोळी सणासुदीची, पाहुण्यासाठीची. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, अमेरिकेतली लाल ज्वारी, आणि त्या चवीची आठवण अजून जुन्या माणसांच्या बोलण्यात निघते. पुढे शेतात सोयाबीन आलं. ते तीन-साडेतीन महिन्यांत निघतं, त्याला रोख पैसा येतो, तेल गिरण्या ते उचलतात. ज्वारीला पाखरं राखायची, कणसं कापायची, कडबा बांधायचा, त्याला मजूर मिळेनात. सोयाबीन शेतकऱ्याच्या घरात शिजत नाही, म्हणून खायचं धान्य बाहेरून आणणं आलं. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा झाला, माणशी ५ किलो धान्याचा हक्क मिळाला, जानेवारी २०२३ पासून ते फुकट झालं. गरीब घराला याचा आधार मोठा आहे. पोळीला मान होताच. ज्वारी ताटातून गेली यामागे चवीचा बदल थोडा, बाजाराचा आणि धोरणाचा हात फार मोठा.

सरकार गहू विकत घेताना काही मोजत नाही, असं मुळीच नाही. मंडीत प्रत्येक ढिगासाठी प्रतवारीचे निकष आहेत. बाहेरचा कचरा ०.७५ टक्क्यांपर्यंत, इतर धान्य २ टक्के, खराब दाणे २ टक्के, किंचित खराब ४ टक्के, सुरकुतलेले आणि फुटके ६ टक्के, ओलावा १४ टक्क्यांच्या आत. ही यादी नीट वाचली तर तिच्यात समाजाच्या जुन्या काळज्या वाचता येतात: व्यापारी माती मिसळेल, ओलं धान्य वजनात फसवेल, गोदामात कीड लागेल. ज्या भीतीतून खरेदी-व्यवस्था जन्मली, त्या भीतीची मापं तिच्यात आहेत. सेलेनियम दाण्याचा रंग बदलत नाही, वजन वाढवत नाही, कीड लावत नाही. तो गहू दिसायला उत्तम असतो आणि प्रत्येक निकषावर पास होतो.

वाटपाच्या टोकालाही असंच. रेशनच्या दुकानात आता ई-पॉस यंत्र आहे. अंगठा लावल्याशिवाय धान्य मिळत नाही. मजुरी करून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले त्यांना दोनदा-तीनदा अंगठा ठेवावा लागतो. धान्य घेणारा माणूस खरा आहे की नाही याची खात्री करण्यासाठी देशाने प्रचंड तांत्रिक यंत्रणा उभारली, कारण धोरणकर्त्यांना सर्वांत मोठी चिंता गळतीची आणि बोगस कार्डांची होती. दिलं जाणारं धान्य तपासायला तशी यंत्रणा उभी राहिली नाही. तंत्रज्ञान तटस्थ असतं असं म्हणणाऱ्याला मी हे दुकान दाखवीन. कुणावर संशय घ्यायचा हे त्यात आधीच ठरलेलं आहे.

ब्रायन विन या इंग्लिश अभ्यासकाचं काम इथे आठवतं. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर इंग्लंडच्या कंब्रिया भागातल्या डोंगरांवर पडलं. मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीनेक आठवड्यांत सगळं निवळेल असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. त्यांचं गणित चिकणमातीवर बेतलेलं होतं. कंब्रियाच्या आम्लधर्मी, कुजकट मातीत सीझियम अडकून न राहता गवतात परत परत येत राहिलं. शेवटचे निर्बंध उठायला २०१२ उजाडलं. तिथले मेंढपाळ आपल्या कुरणांमधला फरक पहिल्यापासून जाणत होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. विन यांचं म्हणणं असं, की लोक विज्ञानावर अविश्वास दाखवतात तेव्हा पुष्कळदा विज्ञानाने त्यांच्या जाणतेपणाकडे पाठ फिरवलेली असते. शेगावकडे बघताना हे लक्षात ठेवावं. पाण्यावरचा गावकऱ्यांचा संशय यावेळी चुकला. पण घरात रेशनचा गहू कधी आला, कुणी किती खाल्ला, कुणी कंट्रोलचा आणि कुणी बाजारचा खाल्ला, ही माहिती प्रयोगशाळेत नसते. ती चुलीपाशी असते. बाईमाणसाला नीट विचारल्याशिवाय ती मिळत नाही.

मग करायचं काय? सेलेनियम जास्त असलेल्या जमिनीचे तुकडे माहीत आहेत, त्यांचे नकाशे आहेत. लुधियानाच्या शास्त्रज्ञांनी तोडगाही दाखवून ठेवला आहे: अशा शेतात जिप्सम घातलं की मातीत गंधक वाढतं, मुळांच्या वाटेवर ते सेलेनियमला अडवतं आणि दाण्यात सेलेनियम कमी उतरतं. याच्या उलट टोकाला फिनलंड आहे. तिथली जमीन सेलेनियमने इतकी गरीब, की १९८४ मध्ये तिथल्या सरकारने देशभरच्या खतांतच ते मिसळायचं ठरवलं, आणि काही वर्षांत तिथल्या लोकांच्या रक्तातलं प्रमाण सुधारलं. म्हणजे एका मूलद्रव्याची पातळी अख्ख्या देशाने ठरवून बदलता येते, माती ते ताट असा सबंध रस्ता एका नजरेखाली असेल तर.

आपल्याकडे हा रस्ता तुकड्यातुकड्यांचा आहे. जिप्समचा खर्च होशियारपूरच्या शेतकऱ्याने करायचा. २०२४ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,२७५ रुपये होता, आणि सेलेनियम भरलेल्या दाण्याला जो भाव, तोच स्वच्छ दाण्यालाही. जिप्सम टाकून त्याच्या पावतीत एक रुपयाही वाढत नाही. फायदा होणार तो शेगावच्या मुलीला, जिचं त्या शेतकऱ्याने नावही ऐकलेलं नाही. जिप्समचं अनुदान कृषी खात्याचं, प्रतवारी अन्न मंत्रालयाची, वाटप राज्याच्या पुरवठा विभागाचं, आणि केस गळाल्यावर धावायचं आरोग्य खात्याने. खरेदीच्या प्रतवारीत त्या ठरावीक मंड्यांपुरता सेलेनियमचा एक निकष घातला, तिथला गहू वेगळा ठेवला आणि जिप्सम टाकणाऱ्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त दिले, तर ही चार खाती एकाच कागदावर येतील. तो कागद दिल्लीत लिहावा लागेल. बुलढाण्यातून त्याची मागणी जायला हवी, आणि त्या मागणीबरोबर खारपाणपट्ट्यातल्या मूत्रपिंडाच्या रोग्यांचीही यादी जोडलेली असायला हवी.